शेतात सापडलेले सशाचे पिलू

(वन्यप्राणी सप्ताहानिमित्त शेतकरी, बागायतदार व प्राथमिक शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी ऑक्टोबरच्या २ ते ८ या तारखांना देशभर वन्यप्राणी सप्ताह पाळला जातो. या दिवसांत व्यासपीठांवरून वाघ, गवा, अस्वल यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु गोव्यातील सामान्य शेतकऱ्याची ज्याच्याशी खरोखर गाठ पडते तो वाघ नव्हे, ससा होय. सप्ताहाचे हेच दिवस सरद पिकाच्या कापणीचे असतात. सड्यावरचे गवतही याच सुमारास कापणीला येते. पुढे काजूच्या बागांतील झाडोरा साफ करण्याचे काम निघते. अशा वेळी विळा चालता चालता थांबतो, कारण समोर गवतात मूठभर आकाराचा एक तपकिरी गोळा बसलेला असतो. डोळे टक्क उघडे, कान पाठीला चिकटलेले, हालचाल मुळीच नाही. आई कोठे दिसत नाही. कापणाऱ्याला दया येते. तो ते पिलू उचलतो, टोपीत किंवा पदरात घालून घरी नेतो.

त्यानंतर घरोघर जे घडते त्यात फारसा फरक नसतो. पहिल्या दिवशी मुलांचा आनंद गगनात मावत नाही. बशीत गाईचे दूध येते, ते पिलू पीत नाही, म्हणून कोणी तरी त्याला उताणे धरून चमच्याने पाजते. दुसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखे फुगते. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू होतात, मान टाकली जाते. चौथ्या दिवशी मुले रडत रडत अंगणातल्या अबोलीच्या वाफ्याशेजारी खड्डा खणतात. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, सशाचे काळीजच लहान, भीतीने मेला. भीती हे एक कारण असते हे खरे. परंतु बहुतेक वेळा ते पिलू भीतीपेक्षा दुधाने मेलेले असते, आणि त्याहून दुःखाची गोष्ट ही की ते मुळात अनाथ नव्हतेच. ज्या संध्याकाळी ते घरात बशीपुढे बसलेले होते, त्याच संध्याकाळी त्याची आई शेतात त्याला पाजण्यासाठी आलेली असते आणि रिकामी जागा हुंगून गेलेली असते.

हे नीट समजण्यासाठी ससा म्हणजे कोणता प्राणी, हे प्रथम पाहावयास हवे. बाजारात पिंजऱ्यात पांढरे, लाल डोळ्यांचे जे ससे विकावयास असतात, ते मूळचे युरोपातील बिळे करून राहणाऱ्या सशाचे वंशज होत. भारतात ते रानात आढळत नाहीत. आपल्या मळ्यांत आणि सड्यांवर राहणारा ससा निराळा. शास्त्रज्ञ त्याला लेपस निग्रिकॉलिस म्हणतात. या नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ काळ्या मानेचा, आणि मोठ्या सशाच्या मानेमागे तो काळा डाग सहज दिसतो. दोघांचे नाते इतके दूरचे आहे की पाळीव सशाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात, तर रानसशाच्या पेशीत ४८. त्यांचा संकर होत नाही. घरच्या पांढऱ्या मादीजवळ रानातले पिलू ठेवले तर ती त्याला आपले म्हणेल, ही आशाही बाळगू नये.

फरक केवळ रंगाचा नव्हे, जन्माचाही आहे. पाळीव सशाची मादी सुमारे एक महिना गर्भ वाहते. तिची पिले उघडीनागडी, मिटल्या डोळ्यांची जन्मतात. त्यांचे डोळे उघडण्यास दहा-बारा दिवस लागतात. तोवर बिळातील केसांच्या मऊ घरट्यात ती एकमेकांच्या उबेने राहतात. रानसशाला बीळ नाही, घरटेही नाही. गवतात अंग दाबून केलेली एक उथळ खळगी, एवढाच त्याचा संसार. म्हणून त्याची पिले पोटात अधिक काळ, सुमारे सहा आठवडे, राहून जन्मतात. जन्मतः त्यांच्या अंगावर दाट केस असतात, डोळे उघडे असतात, आणि काही तासांतच ती चालू लागतात. तेव्हा शेतात उघड्यावर एकटे बसलेले, टकटक पाहणारे पिलू म्हणजे घरट्यातून पडलेले पिलू नव्हे. तेच त्याचे घर असते.

आई जवळ का नसते, हा प्रश्न उरतो. शिक्षकांना वर्गात मुले हा प्रश्न विचारतातच. ससा हा सर्वांचा घास आहे. कोल्हा, मुंगूस, रानमांजर, घुबड, घार, गावातली कुत्री, आणि दिव्याच्या झोतात त्याला गाठणारा माणूसही. मोठ्या सशाच्या अंगाला वास असतो, त्याची वाट शत्रूला हुंगता येते. लहान पिलाला तो वास जवळजवळ नसतो. आई दिवसभर पिलापाशी बसली तर तिच्या वासावरून शत्रू पिलापर्यंत पोहोचेल. यास्तव ती दूर राहते. पिलेही जन्मानंतर थोड्याच दिवसांत पांगतात व निरनिराळ्या जागी दडून बसतात. युरोपातील रानसशांचे या बाबतीत बारकाईने निरीक्षण झालेले आहे. सूर्यास्तानंतर सर्व पिले जन्मस्थळापाशी गोळा होतात, आई येते, पाच-दहा मिनिटांत सर्वांना पाजते आणि निघून जाते. चोवीस तासांत बहुधा एवढेच. ज्या जातीत आई दिवसातून एकदाच भेटते, त्या जातीच्या पिलाजवळ दुपारी अकरा वाजता आई दिसली नाही म्हणून तिने त्याला टाकले, असा निष्कर्ष काढणे म्हणजे शाळेत बसलेल्या मुलाला बेवारशी समजण्यासारखे होय.

आणखी एक समजूत खोलवर रुजलेली आहे. माणसाचा हात लागला की आई पिलाला जवळ घेत नाही, असे सांगितले जाते. एकदा हात लावला, आता घरी नेल्यावाचून गत्यंतर नाही, असे मग भल्या माणसालाही वाटते. सशाच्या बाबतीत ही समजूत निराधार आहे. हात शक्य तो लावू नये हे खरेच, कारण पिलू घाबरते व माणसाचा वास कुत्र्यांना वाट दाखवतो. परंतु चुकून उचलले गेलेले पिलू त्याच दिवशी, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपूर्वी, जेथून उचलले त्याच जागी मूठभर गवतात धरून परत ठेवले, तर आई त्याला पाजते. चूक दुरुस्त होण्याजोगी असते, फक्त ती लवकर दुरुस्त करावी लागते.

कापणीच्या वेळी काय करावे? पीक उभे ठेवता येत नाही, हे उघड आहे. तथापि पिलाभोवतीचा हात-दोन हात भाग त्या दिवसापुरता न कापता सोडण्याने कोणाचे खंडीभर भात बुडत नाही. तेही शक्य नसेल, यंत्राने कापणी चालू असेल, तर पिलाला गवताच्या मुठीत उचलून काही पावलांवर, बांधाच्या कडेला दाट गवतात ठेवावे. फार दूर नेऊ नये. कुत्री बांधून ठेवावीत. मग सर्वांनी तेथून निघून जावे, कारण भोवती माणसे उभी असेपर्यंत आई येणार नाही. खात्रीच करावयाची असेल तर तिन्हीसांजेला पुष्कळ दूर, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस बसून पाहावे. सड्यावर गवत पेटवण्यापूर्वी त्यातून एकदा चालत जावे, ही सूचनाही येथेच केलेली बरी. आगीपुढे मोठा ससा पळतो, पिलू मात्र दडून बसते. दडून बसणे हाच त्याचा एकमेव उपाय असतो आणि तो आगीपुढे चालत नाही.

आता खरोखर मदतीची गरज असलेल्या पिलाचा विचार करू. अशी पिले थोडी असतात, पण असतात. आई रस्त्यावर किंवा फासात मेलेली शेजारीच आढळली, पिलाच्या अंगावर जखम आहे, कुत्र्या-मांजराच्या तोंडातून ते सोडवले गेले आहे, लाल मुंग्या लागल्या आहेत, विळ्याचा घाव बसला आहे, किंवा ते हाताला गार लागते आणि मान धरत नाही, तर ते तेथे सोडून चालणार नाही. मांजराचा दात लागलेल्या पिलाची जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी त्यातून आत विष पसरते. अशा पिलाला त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेणे आवश्यक आहे.

पहिली गरज दुधाची नव्हे, उबेची. हा क्रम उलटल्यामुळे जितकी पिले दगावतात तितकी बहुधा उपाशी राहून दगावत नसतील. गार पडलेल्या पिलाचे पोट काम करीत नाही. त्यात ओतलेले दूध तेथेच नासते. खोलगट पाटीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात सुके गवत घालावे, त्यावर जुन्या धोतराचे मऊ फडके पसरावे. टॉवेल नको, त्याच्या दोऱ्यांत नखे अडकतात. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे ऊब अधिक वाटल्यास पिलाला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. वर हवा जाईल असे झाकण द्यावे आणि खोके घरातील सर्वांत काळोख्या, शांत कोपऱ्यात ठेवावे. रेडिओ, दूरचित्रवाणी, कुत्रा, मांजर आणि शेजारची मुले यांपासून ते दूर असावे. पिलू स्वस्थ बसले म्हणजे माणसाळले, असे समजण्याचा मोह होतो. ते स्वस्थ बसलेले असते ते भीतीने. त्याला कुरवाळणे हे आपल्याला सुखाचे, त्याला नव्हे. सशाची हाडे हलकी आणि मागचे पाय बळकट. हातातून सुटण्यासाठी त्याने जोराने झटका दिला तर स्वतःचाच कणा मोडून घेतो.

दुधाविषयी थोडे विस्ताराने सांगणे जरूर आहे. चोवीस तासांतून एकदाच पाजावयाचे असल्यामुळे सशाचे दूध निसर्गाने अतिशय घट्ट केले आहे. पाळीव सशाच्या दुधाचे पृथक्करण झालेले आहे. त्यात स्निग्धांश सुमारे १२ ते १५ टक्के आणि प्रथिनेही जवळपास तितकीच असतात, दुग्धशर्करा मात्र जेमतेम २ टक्के. गाईच्या दुधात स्निग्धांश ४ टक्क्यांच्या आसपास, प्रथिने साडेतीन टक्क्यांच्या आत, आणि दुग्धशर्करा जवळजवळ ५ टक्के. म्हणजे जे हवे ते तिप्पट-चौपटीने कमी आणि जे सोसत नाही ते दुपटीहून अधिक. पोट फुगते आणि जुलाब होतात, त्याचे एक कारण हे. म्हशीचे दूध घट्ट म्हणून चालेल असे कोणी म्हणेल, परंतु त्यातही दुग्धशर्करा गाईच्या दुधाइतकीच असते. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. सशाच्या दुधात काही विशिष्ट स्निग्धाम्ले असतात, ती पिलाच्या जठरात रोगजंतूंना वाढू देत नाहीत. बाटलीच्या कोणत्याही दुधात ते संरक्षण नाही. म्हणून भांडी, पिचकारी, हात यांची स्वच्छता घरच्या तान्ह्या बाळासाठी ठेवतात तितकीच ठेवली पाहिजे, आणि एका वेळचे उरलेले दूध दुसऱ्या वेळी देता कामा नये.

मग द्यावे काय? मांजरीच्या पिलांसाठी तयार केलेली दुधाची भुकटी शहरांतील पशुऔषधांच्या दुकानांत मिळते. उपलब्ध वस्तूंपैकी ती सशाच्या दुधाला त्यातल्या त्यात जवळची. ती मिळेपर्यंत शेळीचे ताजे दूध उकळून, कोमट करून वापरतात. ते पचायला हलके पडते, तरी पूर्ण पोषण त्याने होत नाही. दिवसातून दोन वेळा, सकाळी आणि सूर्यास्तानंतर, एवढे पुरे. दर दोन तासांनी पाजण्याची बाळाची रीत येथे लावू नये. प्रमाणही बेताचेच असावे. १०० ग्रॅम वजनाच्या पिलाला एका वेळी ५ मिलिलिटरहून अधिक देऊ नये. थोडे कमी पडले तर पिलू दुसऱ्या दिवशी वाढवून घेईल, पण अधिक झालेले परत काढता येत नाही. किराणा दुकानाच्या तराजूवर रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवणे हा उत्तम उपाय आहे. डोळ्यांना न दिसणारी घट काटा दाखवतो.

पाजण्याची पद्धत तर दुधाहूनही महत्त्वाची. पिलाला उताणे धरणे म्हणजे त्याच्या फुप्फुसात दूध ओतणे होय. पिलू फडक्यावर चारी पायांवर बसलेले असावे, डोके किंचित वर. सुई काढलेल्या १ मिलिलिटरच्या पिचकारीने ओठांच्या कडेला एक थेंब लावावा, तो चाटून होईपर्यंत थांबावे, मग दुसरा. नाकातून दूध आले तर तत्काळ थांबून डोके खाली करावे आणि नाक पुसावे. काही घरांतून कापसाची वात दुधात बुडवून चोखावयास देतात. ती रीत टाळावी, कापसाचे तंतू पोटात जातात. पाजून झाल्यावर ओठ आणि गळा ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. अगदी लहान पिलाला मलमूत्रासाठी आईच्या चाटण्याची गरज असते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस तेथे हळुवार फिरवला की ते काम होते.

आठवडा-दीड आठवड्याचे पिलू गवत कुरतडू लागते. हरळी, दूर्वा, बांधावरचे कोवळे गवत, आणि सुके गवतही, त्याच्यापुढे नेहमी असावे. औषधफवारणी झालेल्या जागचे मात्र नसावे. चित्रांतल्या सशाच्या हातात गाजर असते म्हणून पिलाला गाजर देण्याचे कारण नाही. कोबी, भाकरी, भिजवलेले पोहे, बिस्किटे ही सर्व त्याला विषासमान. सशाच्या मोठ्या आंत्रकोशात गवत पचविणारे सूक्ष्मजीव राहतात, त्यांचा समतोल पिठूळ आणि गोड पदार्थांनी बिघडतो. त्याच कारणासाठी एक सक्त सूचना अशी की घरात शिल्लक असलेली पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन यांसारखी औषधे तोंडाने कदापि देऊ नयेत. माणसाच्या बाळाला गुण देणारा तोच डोस सशाच्या पोटातील उपयुक्त जीवाणू मारून टाकतो व काही दिवसांत ससाही जातो.

इतके करूनही पुष्कळ पिले जगत नाहीत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. अनुभवी माणसांच्या हाती देखील रानसशाचे पिलू हे कठीण काम समजले जाते. म्हणूनच वर सांगितलेला सर्व उपचार पुढच्या हाती सोपवीपर्यंतचा, एखाद्या रात्रीचा किंवा फार तर दोन दिवसांचा आहे. ते घरी वाढविण्याची परवानगी म्हणून त्याकडे पाहू नये. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचे संरक्षण आहे. त्या कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे तीत मारणे जसे येते तसे पकडणेही येते. कोणत्याही प्रकारे असा प्राणी ताब्यात आल्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत वनाधिकाऱ्याकडे कळविण्याचे बंधन आहे. दयेपोटी पिलू उचलणाऱ्याने कायद्याच्या भीतीने ते लपवून ठेवावे, असा याचा हेतू नाही. उलट लवकर कळविले तर पिलाचे व उचलणाऱ्याचे, दोघांचेही हित होते. सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडे यांसारख्या तालुक्यांतील मंडळींना वनखात्याची माणसे नेहमीच्या ओळखीची असतात. बार्देस-सासष्टीकडच्यांनी जवळच्या पशुचिकित्सालयात विचारावे, तेथून वनखात्याकडे निरोप जाऊ शकतो.

शिक्षकांना एक वेगळी विनंती आहे. कासवाशी शर्यत हरणारा ससा आणि आभाळ कोसळले म्हणून धावत सुटणारा ससा मुलांना पाठ असतो. चंद्राला शशांक का म्हणतात, हेही आजी सांगते. पण शेताच्या कडेला आईची वाट पाहत निश्चल बसणारे पिलू कोणत्याच गोष्टीत नाही. ते एकदा वर्गात सांगितले गेले पाहिजे, कारण पिलू प्रथम दिसते ते बहुधा मुलांनाच. मुलाने धावत येऊन घरी सांगितले आणि पिलू जेथल्या तेथे राहिले, तर त्या मुलाला शाबासकी द्यावी. हातात पिलू घेऊन आलेल्याला रागावू मात्र नये. त्याला बरोबर घेऊन ती जागा दाखवावयास सांगावे आणि त्याच्याच हाताने ते परत ठेववावे.

पिलू वनखात्याच्या किंवा पशुवैद्याच्या स्वाधीन करताना एका चिठ्ठीवर काही गोष्टी लिहून द्याव्यात. ते कोणत्या गावी, कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी व किती वाजता सापडले, त्या वेळी ते गार होते की गरम, जखम होती का, त्यानंतर काय व किती पाजले, आणि वजन केले असल्यास ते किती भरले. यांतील जागेची नोंद विशेष काळजीने करावी. पिलू जगले तर सुमारे महिनाभरात ते दुधावाचून राहू लागते. मग तिन्हीसांजेच्या वेळी, दाट गवताच्या आडोशाला, त्याला सोडावयाचे असते, आणि ते शक्य तो जेथून आले त्याच शिवारात.